शेंदराखालच्या पाच ओळी

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे पाठीमागे ‘एके काळी’ म्हणत. नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. नागावातून चौलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिलं वळण लागलं की मामंजी काठी उचलून म्हणत, ‘एके काळी इथे…’ आणि मग बरोबरच्या माणसाची सुटका नसे. एके काळी इथे अरबांची गलबतं लागत, एके काळी इथे फिरंग्यांचा पहारा असे, एके काळी इथे रेशमाचे माग होते. आत्ता इथे काय आहे असं विचारलं तर मात्र ते क्षणभर गोंधळत. आत्ता तिथे बहुतेक एखादी म्हैस बसलेली असे.

मिठाचा सत्याग्रह होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन त्या घरात आले. मी पेणची. मराठी सातवी पास झालेली, म्हणून माहेरी जरा डोक्यावर बसलेली आणि सासरी आल्या आल्या खाली उतरवलेली. यजमान मुंबईला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी धरमतरच्या बोटीनं यायचे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. दिवसभर नारळ सोलणं, सुपारी वाळत घालणं आणि ‘सुनेनं एवढ्या मोठ्यानं हसू नये’ हे ऐकणं, एवढाच माझा कार्यक्रम होता. मला ते मुळीच आवडत नव्हतं, आणि आवडत नाही हे मला लपवताही येत नसे.

मामंजींनी पस्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केलेली. पेन्शनीत निघाल्यावर कुणी भजनात रमतो, कुणी पत्त्यांत. हे दगडांत रमले. दर वर्षी पाऊस सरून वाटा कोरड्या झाल्या की काठी, छत्री आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन चौल, रेवदंडा पालथं घालायचे. कुठल्या विहिरीच्या काठाला फिरंग्यांच्या देवळाचा चिरा बसवलाय, कुठल्या पायरीवर कमळ उलटं लागलंय, सगळं वहीत. अशा बारा वह्या भरल्या होत्या. त्या फडताळात होत्या आणि त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या.

मी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला हाक मारली आणि एक कागद पुढे केला. म्हणाले, ‘वाच बघू. चष्मा बदलायला झालाय.’ मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. मग रोजचंच झालं. चष्म्याचं निमित्त होतं. मुंबईच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही, असं. हे मला यजमानांनी पत्रातून कळवलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि मामंजी तर अजिबातच नाही. ताटातली कोशिंबीर त्यांना दिसत नसे, पण ‘आज मला कोशिंबिरीवर मन नाही’ असं ते ऐटीत सांगायचे.

त्यांचा जीव एका दगडात अडकला होता. चौलच्या एका वाडीत, पोफळींच्या मध्ये, कंबरेएवढा उभा दगड होता. वाडीतले लोक त्याला आई म्हणत. वरच्या अंगाला एक गोल आणि एक अर्धी कोर कोरलेली, ते आईचे डोळे. एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला. मामंजींचं म्हणणं, ते डोळेबिळे काही नाहीत, तो सूर्य आणि तो चंद्र. कुणीतरी फार जुन्या काळी जमीन दान दिली, ती सूर्य-चंद्र असेपर्यंत चालावी म्हणून कोरलेत, आणि त्यांच्या खाली लेख असलाच पाहिजे. पण लेख होता शेंदराच्या बोटभर जाड थराखाली. पिढ्यान्‌पिढ्या चढत आलेला शेंदूर.

मामंजींनी तो थर काढायची परवानगी तीन वर्षं मागितली. तीनदा वाडीत कौल लावला गेला. आईच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. तिन्ही वेळा डावं पडलं. मामंजी स्वतःला सुधारक म्हणवत, पण घरी येऊन सबंध आठवडा ते फुलांवरच चिडलेले असत. ‘डावं फूल मोठं घेतात लेकाचे,’ म्हणायचे. ‘मोठं फूल आधी पडणारच!’

मी आले त्या वर्षी, मार्गशीर्षात, एका दुपारी चौलहून चिठ्ठी आली. लिहिणारे तिथले एक मुसलमान व्यापारी, सुपारीच्या धंद्यातले, मामंजींचे जुने दोस्त. चिठ्ठी चार ओळींची: ‘मास्तरसाहेब, तुमच्या दगडाचा शेंदूर काल आपोआप गळून पडला. खाली अक्षरं आहेत असं बायका सांगतात. उद्या भर दुपारी नवा शेंदूर चढणार. ताबडतोब या.’

शेंदराचं असं होतं. थरावर थर चढत जातात आणि एक दिवस ते सगळं कवच खरवस निघावा तसं अख्खं सुटून खाली येतं. तीस-चाळीस वर्षांत एकदा. म्हणजे मामंजींना ती अक्षरं मिळायची असतील तर उद्या, दुपारच्या आत, नाहीतर कधीच नाही. चिठ्ठी मीच वाचून दाखवली. ऐकल्यावर ते उठून उभे राहिले, परत बसले आणि म्हणाले, ‘सूनबाई बरोबर येईल.’

सासूबाईंनी भांडं आपटलं. नवी सून रस्त्यानं चार मैल पायी, तेही सासऱ्याबरोबर, तेही दगड बघायला! त्या बोलत राहिल्या आणि शेवटी मामंजी एवढंच म्हणाले, ‘मला एकट्याला वाचता येणार नाही गं.’ नजरेबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. सासूबाई मुकाट उठून आत गेल्या. पहाटे त्यांनीच मला दशम्यांची पुरचुंडी आणि स्वतःचं चांगलं लुगडं आणून दिलं, वर ‘रस्त्यात खिदळू नकोस’ हेही दिलं.

त्या सकाळचा आनंद मी कसा सांगू! आठ महिन्यांत मी विहीर, देऊळ आणि परसू यांपलीकडे गेले नव्हते. घर दिसेनासं झाल्यावर मी पिशवीतून चपला काढून पायांत घातल्या. मामंजींना आवाजावरून कळलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना वाड्या, वर नारळाच्या झावळ्या, खाली पोफळी, त्यांच्यावर चढलेल्या पानवेली, आणि प्रत्येक वाडीत रहाट चालू. बैल गोल फिरतोय, मातीची गाडगी एकामागून एक पाणी ओततायत, आणि त्या कुरकुरीला प्रत्येक वाडीचा वेगळा सूर. मला गावंसं वाटत होतं. मी गुणगुणलेसुद्धा.

अडचण एकच होती. मामंजी चालत नव्हते. म्हणजे चालत होते, पण दर दोनशे पावलांवर काठी उचलायचे.

‘एके काळी इथे…’

‘मामंजी, दुपारच्या आत पोचायचंय.’

‘हो हो. पण ही विहीर बघून घे. काठाचा तिसरा चिरा. क्रूस दिसतोय?’

दिसत होता. बाई त्याच्यावर कपडे आपटत होती. तिथे दहा मिनिटं गेली. पुढे शनवारतेल्यांची घाणी लागली. शनिवारी घाणी बंद ठेवणारे यहुदी ते. ‘यांचे पूर्वज गलबत फुटून इथल्या किनाऱ्याला लागले. पुस्तकं बुडाली, भाषा बुडाली, शनिवार तेवढा वाचला,’ हे मामंजींनी मला त्या घरातल्या तेलिणीदेखत सांगितलं, आणि ती हात जोडून हसत म्हणाली, ‘मास्तर, दर सालाला आमचं गलबत तुम्ही एकदा फोडताच.’ तिनं आम्हाला खोबऱ्याचा ताजा भुगा हातावर दिला. तिथे आणखी पाव तास. मागून रेवदंड्याची सर्व्हिस मोटार आली, मी हात करणार तोच मामंजी म्हणाले, ‘मोटारीतून नुसती धूळ दिसते.’ मग ती आम्हाला धूळ देऊन पुढे गेली. मला असा राग आला म्हणता! ज्या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी, ती चार मैलांवर ठेवलेली, आणि हा मनुष्य वाटेत चिरे मोजतोय.

चौलची हद्द लागली तेव्हा ते एका उघड्या माळाशी थांबले आणि काठी सरळ पुढे धरून म्हणाले, ‘ती कमान बघ. वेशीची. मधला दगड बघ कसा बसवलाय, चुना नाही की काही नाही. पाचशे वर्षं नुसत्या वजनावर उभी आहे.’

मी बघितलं. कमान नव्हती. दोन बाजूंचे दोन खांब होते आणि मध्ये यंदाच्याच पावसात पडलेल्या दगडांचा ढीग, त्यावर उगवून वाळलेलं गवत. काठी अगदी बरोबर तिकडेच रोखलेली होती. ते सबंध रस्ता डोळ्यांनी नव्हे, पावलांनी दाखवत होते. विहीर, घाणी, चिरा, सगळं पाठ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ते वेळ का काढतायत. त्यांना पोचायची भीती वाटत होती. दगड समोर उघडा असेल आणि त्यांना तो दिसणार नाही, म्हणून.

‘बघितलीस?’

‘बघितली,’ मी म्हटलं. ‘फारच सुंदर आहे.’

आणि मग मी त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची रीत नव्हती. पण मी धरला आणि चालायला लागले, आणि पुढच्या अर्ध्या मैलात त्यांनी एकदाही काठी उचलली नाही.

हम्मामखान्याच्या पडक्या घुमटाशी ते व्यापारी गृहस्थ आमची वाट बघत उभे होते. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘या अल्ला, मास्तर, पायी आलात? चला चला, बायांनी तेल काढलंय!’ ते स्वतः वाडीच्या फाटकापर्यंत आले आणि बाहेरच एका आंब्याखाली बसले. ‘मी इथे दुवा मागतो,’ म्हणाले, ‘आतलं तुमचं तुम्ही बघा.’

आत पंधरा-वीस बायका होत्या, आणि त्यांच्यात एक उंच, काळीभोर, साठीच्या पुढची बाई परातीत शेंदूर आणि तेल कालवत होती. वाडी तिची. तीन वर्षं डावा कौल सांगणारी ती हीच. आणि दगड? दगड दिसतच नव्हता. चार बायकांनी चारी बाजूंनी लुगडी आडवी धरली होती, अंतरपाट धरावा तशी.

‘उगडी आई कुनी बगायची न्हाय, मास्तर,’ वाडीवाली म्हणाली. ‘शेंदूर चढला की मंग या पाया पडायला.’

मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे राहिले. ते वाद घालतील, चिडतील, असं मला वाटलं होतं. ते उभे राहिले तसं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडूच आलं.

वाडीवालीनं माझ्याकडे पाहिलं. ‘ही कोन?’

‘आमची सून.’

‘गाव कुटलं तिचं?’

‘पेण.’

तिचे हात परातीत थांबले. ‘लगीन कवा झालं गो बाय?’

‘आठ महिने झाले,’ मी म्हटलं.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कळलं ते असं. आई मुळात खाडीतून आलेली, परगावची. म्हणून कवच गळलं की पहिला शेंदूर परगावाहून आलेल्या नव्या सासुरवाशिणीच्याच हातानं चढतो. वाडीवालीची धाकटी सून ठरलेली होती, पण ती नेमकी सकाळीच बाजूला बसली होती. आणि मुहूर्त तर टळायचा नव्हता.

‘आईनं धाडली गो तुला,’ ती म्हणाली आणि परात माझ्या हातात दिली. ‘ये. पाय धू.’

मी मामंजींकडे पाहिलं. ज्या अक्षरांसाठी हा माणूस तीन वर्षं झुरला, ती मीच माझ्या हातानं बुजवायची! पण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी बुजवली असती. मी पाय धुतले. पडद्याच्या आत जाताजाता मला सुचलं. कसं सुचलं देव जाणे, पण मी वळून, चांगला गंभीर चेहरा करून म्हटलं, ‘आमच्यात देवीला हात लावताना मंत्र म्हणतात. मोठ्यानं. चालेल का?’

‘म्हन गो, चांगलंच हाय.’

‘मामंजी,’ मी म्हटलं, ‘मंत्र लिहून घ्याल ना?’

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी जी घाई केली! काठी पडली, छत्री पडली, आणि वही मांडीवर घेऊन ते तिथेच पोफळीला टेकून बसले.

आत मी आणि आई. काळा, गार, न्हालेला दगड. उन्हाचा एक कवडसा झावळीतून वरच्या गोलावर पडलेला. आधी तेल लावलं. अक्षरं होती, पण इतकी झिजलेली, की तेलावर नुसत्या रेघोट्या चमकत होत्या. मग मी शेंदराचा हात फिरवला, आणि फिरवल्याबरोबर वरचा शेंदूर पातळ झाला आणि खाचांत भरला. लालभडक अक्षरं एकदम वर आली. मला वाटलं, आता हा दगड बोलतोय. दोन महिने मामंजींनी अंगणातल्या वाळूत काठीनं जुनी अक्षरं काढून माझ्याकडून घोटून घेतली होती, मागची मात्रा, पोटफोड्या ष, सगळं. ‘कशाला हे’ म्हणून मी कुरकुरले होते. ते सगळं आता कामी आलं.

‘स्वस्ति!’ मी ओरडले. ‘श्री!’

बाहेर बायकांनी ‘आई गे माते’ म्हटलं.

पहिली ओळ तशीच गेली, पुढे साल होतं त्यावर टवका उडालेला. दुसरीत कुणा माळिणीनं देवीला वाडी दिली होती. तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक होतं. बाईनं! मी ते दोनदा ओरडले. तिसरीत बारा पोफळी, सात नारळ आणि विहिरीचं अर्धं पाणी. चौथीत चंद्रसूर्य असेतोवर हे चालावं. मी एक एक अक्षर म्हणायची, बाहेरून मामंजींचा ‘हं’ यायचा, मग मी त्या अक्षरावर शेंदराचा जाड हात द्यायची. बुजवत बुजवत खाली येत होते.

पाचवी ओळ जमिनीच्या अगदी लगत. मी गुडघ्यांवर बसले. ‘हें जो लोपी,’ म्हणजे हे दान जो बुडवील, ‘ते… या… चि… ये… मा… ये…’ आणि इथे माझी वाचा बसली. कारण पुढे गाढव होतं. गाढव आणि त्या माणसाची आई, आणि त्यांचं जे काही व्हावं असं त्या सत्शील माळिणीचं म्हणणं होतं, ते स्वच्छ, ठसठशीत, एकही अक्षर न झिजता दगडावर होतं. पाचशे-सातशे वर्षांत साल गेलं, नाव गेलं, शिवी तेवढी जशीच्या तशी.

मी परातीतला शेंदूर उगाच कालवत बसले.

‘थांबलीस काय गो?’ बाहेरून वाडीवाली. ‘मंतर अर्दा सोडू न्हाय! आई कोपेल.’

‘पुढे!’ मामंजी ओरडले. ‘पुढे वाच… म्हण!’

मग मी डोळे मिटले आणि म्हटलं. सगळं. सासऱ्यांच्या देखत, वीस बायकांच्या देखत, खड्या आवाजात. बायकांनी भक्तिभावानं हात जोडले. मामंजींना जो ठसका लागला तो काही केल्या थांबेना, आणि कुणीतरी त्यांच्यासाठी पाणी आणायला धावलं.

शेंदूर चढला, लुगडी सुटली, नारळ फुटला. प्रसाद हातावर घेता घेता वाडीवालीनं मामंजींना विचारलं, ‘मास्तर, मंतरात काय व्हतं?’

दुसरा कुणी असता तर काहीबाही सांगून सुटला असता. पण पस्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून छडी मारलेला माणूस. त्यांनी सांगून टाकलं. मंत्र नव्हता बाई, तो दगडावरचा लेख. एका बाईनं ही वाडी आईला दिली. बारा पोफळी, सात नारळ, विहिरीचं अर्धं पाणी.

मला वाटलं, आता आमची काही धडगत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. ‘मंग त्यात काय नवाल?’ ती म्हणाली. ‘अर्दं पानी आईचंच हाय. सकालचा रहाट आईचा, दुपारचा आमचा. त्या बगा आईच्या पोफली. बारा. येक मेली की येक लावायची, माजी सासू सांगून गेली, तिला तिची. ह्ये तुमी मला इचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुमी तर आईला खरवडायच्या गोष्टी करत व्हता!’

मामंजी पोफळींकडे गेले. हात लावून एक एक मोजली. बारा भरल्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. त्यांनी वाकून त्या बाईला नमस्कार केला. ती लाजून दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, ‘आनि शेवटला काय व्हता? तुमाला ठसका लागला तो?’ मामंजी माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. शेवटी मीच तिच्या कानात सांगितलं. ती एवढ्या मोठ्यानं हसली की फाटकाबाहेरचे व्यापारी उठून उभे राहिले. ‘बेस केलं गो तिनं!’ म्हणाली.

परतताना मामंजी झपाझप चालत होते. सांगत काही नव्हते, नुसते मध्येच हसत होते. क्रूसाच्या विहिरीशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. बायका पाण्याला आल्या होत्या. आम्ही कट्ट्यावर बसून दशम्या खाल्ल्या. मग त्यांनी वही माझ्यापुढे केली. ‘वाच. सलग. एकदा सलग ऐकू दे.’

मी वही उघडली. पानावर एक ओळ होती. एकच, पानाच्या मधोमध, काळीकुट्ट. पाचही ओळी त्यांनी एकमेकींवर लिहिल्या होत्या. एकही अक्षर सुटं नव्हतं. ते तोंड वर करून, डोळे मिटून, ऐकायला बसले होते, हातात दशमीचा तुकडा तसाच.

मी वाचायला लागले. स्वस्ति श्री. माळिणीनं दिलेली वाडी. बारा पोफळी, सात नारळ, अर्धं पाणी. चंद्रसूर्य असेतोवर. मला आठवायची गरजच नव्हती, बोटांना लागलेला शेंदूर अजून पुरता सुटला नव्हता. मी मध्ये थांबले, अडखळले, पान बोटानं चाचपल्याचा आवाज केला. चार ओळी म्हटल्या आणि पाचवीपाशी गप्प बसले.

त्यांनी हातातला दशमीचा तुकडा पुरचुंडीवर ठेवला. मग म्हणाले, ‘पस्तीस वर्षं मास्तरकी केली मी. पोरगं पुस्तकात बघून वाचतंय की पाठ म्हणतंय, मला वर्गाबाहेरून कळायचं.’

मी सांगितलं, मामंजी, ओळी एकावर एक आल्यात. काहीच लागत नाही.

त्यांनी पानावरून हात फिरवला. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग वही मिटून बाजूला ठेवली, चष्मा काढून वहीवर ठेवला आणि कट्ट्यावर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसले.

‘मग घे माझ्याकडून पाठ करून,’ म्हणाले. ‘एक एक ओळ सांग. चुकलो तर पुन्हा म्हणायला लाव.’

मी सांगितल्या. ते माझ्यामागून म्हणत गेले. तिसऱ्या ओळीत नारळ आधी म्हणाले, तेव्हा मी ‘चूक’ म्हटलं आणि त्यांनी निमूटपणे पुन्हा म्हटली. चौथ्या खेपेला चारही ओळी न अडखळता आल्या. पाचवी मात्र त्यांनी मला सांगू दिली नाही. ती त्यांना एकदा ऐकूनच पाठ झाली होती, आणि ती त्यांनी उभं राहून, खड्या आवाजात, वर्गात कविता म्हणावी तशी म्हटली. विहिरीवरच्या बायकांच्या कळश्या हातातच राहिल्या.